वीस मिनिटांचा रोजमेळ

सांगलीकडच्या एका अडत पेढीच्या घरात सहा वर्षांचा नातू पाटावरून उठताना आधी दोन्ही हात जमिनीवर टेकवी, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखा उभा राही. आजीला त्यात लडिवाळपणा दिसे. त्याच्या पोटऱ्या भरदार होत्या, म्हणून आजोबांची अंगकाठी घेतली आहे, असे कौतुकही होई. शाळेत तो वारंवार पडे, जिना चढताना कठडा सोडत नसे, टाचा न टेकता चवड्यांवर चाले. घराने बदामाचे तेल चोळले, टॉनिक दिले. रक्त तपासले तेव्हा यकृताशी संबंधित समजली जाणारी द्रव्ये वाढलेली आढळली, आणि काविळीचे पथ्य आठ महिने चालले. हे चित्र एका घराचे नाही. अशा अनेक घरांचे मिळून ते झाले आहे. म्हणूनच प्रत्येक व्यापारी कुटुंबाने ते नीट पाहावे.

पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी मुलाला जमिनीवर बसवून उठायला सांगितले आणि सीपीके नावाची रक्तचाचणी करून घेतली. हा आकडा सामान्यतः दोनशेच्या आसपास वा त्याखाली असतो. या मुलाचा दहा हजारांच्या पुढे होता. यकृताची म्हणून ओळखली जाणारी द्रव्ये स्नायूंतही असतात आणि स्नायू झिजू लागले की तीही रक्तात वाढतात, हे तेव्हा घराला कळले. जनुकीय चाचणीने निदान पक्के झाले : ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य ड्यूशेन यांनी या स्नायुक्षयाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. हातांनी मांड्यांवर जोर देत उठण्याची खूण इंग्रज वैद्य गॉवर्स यांच्या नावाने ओळखली जाते. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला हा आजार होतो. त्याचे कारण १९८७ साली स्पष्ट झाले. स्नायूच्या प्रत्येक तंतूला आधार देणारे डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात तयारच होत नाही. आधार नसलेला तंतू रोजच्या हालचालीनेही फाटतो, काही काळ दुरुस्त होतो, आणि शेवटी त्याच्या जागी चरबी व कठीण तंतुमय ऊतक साठते. भरदार दिसणाऱ्या पोटऱ्यांचे रहस्य हेच. आधी मांड्या आणि कंबर, मग खांदे, पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय असा हा क्षय पसरतो. औषध न मिळाल्यास दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान मुलाचे चालणे थांबते.

निदानानंतरचे पहिले वर्ष या घराने दोन गोष्टींत घालवले. पहिली, लपवणे. शाळेला सांगितले नाही, नातेवाइकांना सांगितले नाही. लग्नकार्याला मुलाला घरी ठेवू लागले. दुसरी, चमत्काराचा शोध. कोणी जडीबुटी सुचवली, कोणी तेलाचा काढा. अखेरीस एका दवाखान्याने स्टेम सेलची इंजेक्शने देऊन मूल बरे करण्याची हमी दिली. त्यासाठी वखारीवर कर्ज काढण्याची तयारी झाली आणि काही लाख रुपये गेलेही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या आजारासाठी स्टेम सेलला मान्य उपचार म्हटलेले नाही; रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे असा वापर केवळ नोंदणीकृत संशोधनातच होऊ शकतो, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हा एकच नियम ठाऊक असता, तर त्या घराचे पैसे वाचले असते. त्याच वर्षी रात्री पायाला बांधायच्या आधारपट्ट्या मात्र 'पुढे बघू' म्हणून राहून गेल्या आणि मुलाच्या टाचा वर ओढल्या गेल्या त्या गेल्याच.

दुसऱ्या वर्षी एक फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी आजोबांनी विचारले, "ताई, महिन्याचे काय ते सांगा, रोज या. पैशाचा प्रश्न नाही." त्या म्हणाल्या, "आप्पा, मी आठवड्यातून एकदा येईन आणि शिकवीन. उरलेले सहा दिवस तुमच्या घराचे. रोजची वीस मिनिटे द्याल का?" आप्पांनी उभ्या आयुष्यात रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान बंद केले नव्हते. त्यांना ही भाषा समजली.

त्या वीस मिनिटांत काय होते, ते साधे आहे. पण प्रत्यक्ष पाहून शिकल्याशिवाय ते करू नये. कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर मूल उताणे झोपते. गुडघा सरळ ठेवून घरातील माणूस एका हाताच्या तळव्यात टाच धरतो, पाऊल आपल्या मनगटापुढच्या भागावर टेकवतो आणि सावकाश नडगीच्या दिशेने दाबतो. मनात वीस मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे, पुन्हा तेच. त्यानंतर मांडीमागचा स्नायू, मग कंबरेच्या पुढचा. ताण जाणवावा, पण मूल कण्हू लागण्याच्या आत थांबावे. झटका कधीही देऊ नये. दूरदर्शन पाहताना काही वेळ पालथे झोपण्याची सवय लावली, तर कंबर आखडत नाही. रात्री पावलांना मापाने बनवलेल्या आधारपट्ट्या. पुढे हात कमजोर होऊ लागले की मनगट आणि बोटे यांचाही या क्रमात समावेश होतो. या सर्वाने स्नायू पुन्हा तयार होत नाहीत. सांधे आखडणे लांबते. सरळ पाऊल बुटात बसते, सरळ पाठ खुर्चीत टिकते, आणि आखडलेल्या सांध्याच्या वेदना टळतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्यायामाने शरीर कसते, हा निरोगी माणसाचा अनुभव या मुलाला लावता येत नाही. वजन उचलणे, उठाबशा, उड्या आणि विशेषतः जिना किंवा उतार पुन्हा पुन्हा उतरणे त्याला घातक ठरते. कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो आणि आधारहीन तंतू तेव्हाच अधिक फाटतात. 'हिंमत धर, अजून दोन फेऱ्या मार' असे प्रेमाने सांगणाऱ्या काकांकडून नकळत हानीच होते. सपाटीवर रमतगमत चालणे, थकण्यापूर्वी बसणे आणि कोणी सोबत असताना पोहणे चांगले. खेळल्यानंतर लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, तर श्रम फार झाले असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

उचलण्याचीही रीत आहे. काखेत हात घालून मुलाला उचलू नये. खांद्याचे स्नायू सैल असल्याने ते हातांतून निसटते आणि सांध्याला इजा होते. एक हात पाठीमागून आणि एक मांड्यांखालून घ्यावा; वजन वाढल्यावर दोन माणसांनी उचलावे किंवा उचलण्याचा पाळणा आणावा. पेढीवर हळदीची पोती पाठ सांभाळून कशी उचलायची, हे हमालांना ठाऊक असते. घरातल्या सुनेला मात्र ते कोणी शिकवत नाही. या घरातील आईची पाठ दोन वर्षांत गेली, तेव्हा कुठे दुकानातला एक विश्वासू नोकर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास घरी येऊ लागला.

औषधांत स्टेरॉइड हे आजवरचे मुख्य साधन आहे. बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास, चालण्याची शक्ती उतरणीला लागण्यापूर्वी, डॉक्टर ते सुरू करतात. त्याने चालणे दोन-तीन वर्षे अधिक टिकते आणि पुढे पाठ व श्वास यांनाही लाभ होतो. गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यायची असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवणाच्या नियमाला बाधा येत नाही. उपवासाचे मात्र सांभाळावे. पर्युषणात घरातील मोठ्यांचे पाहून या मुलालाही उपवासाची हौस वाटते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या शरीराची स्वतःची यंत्रणा मंदावलेली असते. गोळी एकाएकी बंद झाली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. उलट्या, ताप किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी तर मात्रा वाढवावी लागते. त्याचे व्रत स्वाध्यायाचे किंवा मौनाचे असू शकते. औषध आणि अन्न सोडण्याचे नसावे.

स्टेरॉइडने भूक वाढते, हाडे ठिसूळ होतात. लाडाने दिलेले तळलेले आणि गोड पदार्थ त्या मुलाच्या कमजोर पायांवर भार टाकतात आणि उचलणाऱ्याच्या पाठीवरही. कांदा, लसूण, कंदमुळे न खाणाऱ्या घरातही त्याला हवे ते सारे मिळू शकते : मूग, मटकी, तूर, दूध, ताक, पनीर, नाचणी, पालेभाज्या. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून डॉक्टर पूरक औषध देतात. त्याच्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून औषध टाळण्यापेक्षा गोळी किंवा पूड मिळेल का, हे विचारावे.

नऊ-दहाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीचा विषय निघाला, तेव्हा घर पुन्हा अडले. 'खुर्ची आणली म्हणजे हार मानली' असे आजी म्हणाल्या. वस्तुतः मूल पडून हाड मोडण्याआधी, लांबच्या अंतरापुरती का होईना, खुर्ची आली पाहिजे. खुर्चीची रुंदी मुलाच्या कंबरेच्या मापाची असावी, पाठ ताठ असावी, दोन्ही पावले टेकलेली असावीत. मोठ्या माणसाच्या सैल खुर्चीत मूल एका बाजूला कलते आणि त्याच बाजूला कणा वाकतो. वाकलेला कणा फुप्फुसाची जागा खातो. त्या घरात मूल खुर्चीत बसून प्रथमच सौद्याच्या वेळी पेढीवर गेले. पोत्यांना लागून आडोशाला बसवण्याऐवजी आप्पांनी त्याला गादीशेजारी बसवले. अनेक ग्राहकांनी तो मुलगा तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चालणे थांबल्यानंतर लक्ष श्वास आणि हृदयाकडे वळवावे लागते. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंगणे, रात्री वारंवार जाग येणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही रात्री श्वास अपुरा पडत असल्याची लक्षणे असू शकतात. ती आळसाची मानू नयेत. अशा वेळी मास्कने हवा देणारे बायपॅप यंत्र रात्रीपुरते लावतात. खेड्यात किंवा भारनियमनाच्या भागात त्याला बॅटरीची सोय हवी. खोकल्याची शक्ती कमी झाली की छातीतला कफ काढण्याची पद्धत फिजिओथेरपिस्ट शिकवतात, आणि साधी सर्दीही मग दुर्लक्षिण्यासारखी राहत नाही. महत्त्वाचे म्हणजे, धाप लागली म्हणून घरी नुसता ऑक्सिजन लावू नये. अशा रुग्णाचा अडसर हवा आत-बाहेर करण्याचा असतो. नुसत्या ऑक्सिजनने रक्तातील कार्बन डायऑक्साइड साठत जाऊन तो गुंगीत जाऊ शकतो. हृदयाची तपासणी निदानापासूनच नियमित व्हावी. तक्रार येण्याची वाट पाहू नये. भूल देण्याची काही औषधे या मुलांना धोकादायक असतात. म्हणून दाताच्या छोट्या शस्त्रक्रियेपूर्वीदेखील भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव सांगावे. आजार, औषधे आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेले कार्ड मुलाच्या खुर्चीला नेहमी असावे. अशी काळजी घेतलेली मुले आज विशीत, काही तर तिशीतही पोहोचतात. पूर्वी ते दुर्मीळ होते.

आता त्या घरातील सर्वांत अवघड नोंद. मुलाच्या आईचा एक भाऊ एकोणिसाव्या वर्षी वारला होता. माहेरी 'त्याला पोलिओ झाला होता' एवढेच सांगत. हा आजार मातेच्या एक्स गुणसूत्रातून येतो. सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या माता वाहक असतात. उरलेल्यांत दोष नव्यानेच उद्भवतो. वाहक स्त्री बहुधा स्वतः निरोगी दिसते. तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. यात कोणाचे पाप नाही, आहाराचा किंवा आचाराचा दोष नाही. चाचणीत आई वाहक ठरली, आणि नेमके त्याच वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते.

घरातल्या सर्वांनी सांगितले, लग्न होईपर्यंत तोंड उघडू नको. आईने बहिणीला बोलावून सर्व सांगितले. बहिणीने चाचणी केली. तीही वाहक निघाली. तिने वरपक्षाला स्वतः कळवले आणि ते लग्न मोडले. सासर-माहेर दोन्हीकडून कित्येक महिने दोष आला तो या आईलाच. त्याची सल त्या घरात आजही आहे. पुढे दोन वर्षांनी बहिणीचे लग्न सारे ठाऊक असलेल्या माणसाशी झाले, आणि अपत्याचा विचार करण्याआधी ती दोघे जनुकीय समुपदेशकाकडे गेली. काय करायचे, हा निर्णय त्यांचा होता. अंधारात घेतलेला नव्हता. भाऊ गेला तेव्हाच माहेरच्यांनी खरे कारण शोधले असते, तर या आईलाही तीच संधी मिळाली असती. मुलाच्या मोठ्या बहिणीची चाचणी मात्र ती स्वतः समजून निर्णय घेऊ शकेल अशा वयापर्यंत थांबवली आहे, आणि ते योग्यच आहे. वाहक मातांनी स्वतःचे हृदयही अधूनमधून तपासून घ्यावे. ही गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते.

लपवण्याचा तोटा पैशाच्या हिशेबातही दिसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्वतंत्रपणे आली आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढल्याशिवाय त्याचा लाभ नाही, आणि 'लोकांना कळेल' म्हणून ते काढायचे टाळले जाते. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ऐंशी टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कितीही असला तरी ती ठरावीकच असते, आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाही ती घेता येते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्यूशेनचा समावेश आहे. त्याखालील निवडक केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. हिमाचलातील सोलन येथे मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या रुग्णांसाठी 'मानव मंदिर' ही पुनर्वसन संस्था उभी आहे. परदेशात २०१६ पासून काही नवी औषधे आणि २०२३ मध्ये जनुकीय उपचार मंजूर झाला. ती सर्वांना लागू नाहीत, अफाट महाग आहेत आणि त्यांचे धोकेही आहेत. त्यांचा विचार अशा केंद्रातील तज्ज्ञांकडूनच व्हावा. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर खाते त्याच्या स्वतःच्या नावाने चालावे. सही करता येईनाशी झाली, तर साक्षीदारांसमोर अंगठा किंवा खूण चालते. आईवडिलांच्या पश्चात त्याच्या शुश्रूषेचा खर्च कोणी आणि कशातून करायचा, हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे. भावांच्या सद्भावनेवर सोडू नये.

तो मुलगा आज सोळा वर्षांचा आहे. संगणकावर पेढीची बिले तो करतो. त्याचे उजव्या हाताचे बोट अजून चालते. सकाळचा ताण वडील देतात, रात्रीच्या पट्ट्या बहीण बांधते, बायपॅपचा मास्क आई बसवते. आप्पांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांच्याकडे फक्त वहीत टीप करण्याचे काम आहे : तारीख, व्यायाम झाला की नाही, गोळी दिली की नाही, काही तक्रार. दर तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांसमोर उघडली जाते.

आजार थांबलेला नाही, आणि त्या घरात आता तसे कोणी म्हणतही नाही. पहिल्या वर्षी लपवण्यात आणि चमत्कारात जे गेले, ते परत येणार नाही. ज्या घरात एखादे मूल पाटावरून उठताना मांड्यांवर हात टेकवत असेल, त्या घराने बदामाचे तेल बाजूला ठेवून आधी सीपीकेची साधी चाचणी करून घ्यावी. आणि ज्या घरात निदान झाले आहे, त्यांनी आजपासून एक वही घालावी.